अण्णांना मेक्सिकोत पाय ठेवायचाय!

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी सॅन दिएगोत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. मुलगा सहा वर्षांचा, इथेच जन्मलेला, त्यामुळे अमेरिकन पासपोर्टवाला. चार महिन्यांपूर्वी सांगलीहून आई-अण्णा बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेत. अण्णांनी आल्या दिवशीच नकाशा उघडला आणि विचारलं, "मेक्सिको इथून अर्ध्या तासावर, आणि तुम्ही अजून गेला नाहीत?" तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर हाच विषय. बायको म्हणते, बातम्या वाचत नाही का, तिथे माणसं गायब होतात. शिवाय तिच्या पासपोर्टवरचा व्हिसा गेल्या वर्षी संपलाय. मुदतवाढ मंजूर झाल्याचं आय-७९७ पत्र आलंय, पण शिक्का मारायला भारतात जाणं झालेलं नाही. माझा शिक्का पुढच्या वर्षापर्यंत चालू आहे.

ऑफिसातला एक जण म्हणतो, सीमेपलीकडच्या तिहुआनाला जाऊन आलं की आई-वडिलांना नवे सहा महिने मिळतात. दुसरा म्हणतो, सीबीएक्सच्या पुलावरून जा, रांगच नाही. आईच्या दाढेवर कॅप बसवायची आहे. तिकडे म्हणे चौथाई पैशांत होते. ह्यूस्टनचा मावसभाऊ म्हणतो, टेक्सासला या, मी तिथून सीमेपलीकडच्या नुएव्हो प्रोग्रेसोला नेतो, आमचे शेजारी दर हिवाळ्यात जातात. एका शनिवारी सगळ्यांना घेऊन जावं का? गाडीने की पायी? की अण्णांची समजूत घालून गप्प बसावं?

— कात्रीत सापडलेला सॅन दिएगोकर

उत्तर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. अण्णांना घेऊन तिहुआनाला जा. पायी जा, सकाळी जा, दुपारी परतीच्या रांगेत उभे राहा. आईंची दाढ मिरजेत होऊ दे. मावसभावाला प्रेमाने नाही म्हणा. आणि तुमच्या पत्नींना या खेपेला नेऊ नका. हे त्यांना भीती वाटते म्हणून नाही. त्यांची भीती ठीकच आहे, पण अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलेली आहे.

ती ओळ म्हणजे संपलेला व्हिसा. अमेरिकेकडे यासाठी एक सोय आहे. तिला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येणाऱ्या माणसाचा आय-९४ (म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद) वैध असेल, तर पासपोर्टवरचा संपलेला व्हिसाही परत येण्यापुरता चालू धरतात. तुमच्या पत्नींच्या आय-७९७च्या तळाशी नव्या तारखेचा आय-९४ असेल, तर परत येताना कायदा त्यांच्या बाजूने आहे. एवढं ऐकून बरेच जण निश्चिंत होतात. पण ही झाली अमेरिकेची बाजू. आधी मेक्सिकोत शिरायचं आहे, आणि मेक्सिकोचा नियम मेक्सिको ठरवतो.

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा यांपैकी कुठल्या देशाचं कायमच्या वास्तव्याचं कार्ड असेल, तर लागत नाही. इथे 'चालू' म्हणजे शिक्क्यावरची तारीख उलटलेली नसणं. आय-७९७ हे अमेरिकेच्या एका खात्याचं पत्र आहे. मेक्सिकन अधिकाऱ्याच्या लेखी ते व्हिसा नाही. तुमच्या शिक्क्यावर तुम्ही जाल, आई-अण्णा त्यांच्या बी-२वर जातील, मुलाला व्हिसाच लागत नाही. पत्नींना मात्र मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासातून आधी व्हिसा काढावा लागेल. सॅन दिएगोत त्यांचं कार्यालय आहे.

"अहो, पायी जाताना कुणी नीट बघतही नाही, आम्ही असेच गेलो," असं सांगणारा कुणीतरी तुम्हाला भेटेलच. कुणी बघितलं नाही म्हणून प्रवेश कायदेशीर होत नाही. परदेशात, दुसऱ्याच देशाच्या व्हिसाच्या भरवशावर नोकरी आणि घर चालत असताना असला जुगार खेळायचा नसतो.

याच ओघात आणखी एक. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपली मंडळी तिहुआना, हुआरेझ, नुएव्हो लारेदो इथल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात जाऊन एच-१बीचा शिक्का मारून आणत. भारतातल्या तारखा मिळेनात तेव्हा हा मोठा आधार होता. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने सांगितलं की बिगरस्थलांतरित व्हिसासाठी अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. त्यामुळे "जातोच आहोत तर हिचा शिक्काही मारून घेऊ" हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. शिवाय तिथे नव्या व्हिसाचा अर्ज टाकला की वर सांगितलेली सोय संपते. शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि नाकारला तर माणूस तिथेच अडकतो.

आता ऑफिसातल्या पहिल्या विद्वानाकडे वळते. आई-अण्णांना तिहुआनाहून परतल्यावर नवे सहा महिने मिळतात, ही समजूत इतकी पसरलेली आहे की लोक शेवटच्या आठवड्यात खास त्यासाठी आई-वडिलांना सीमेवर नेतात. तीस दिवसांच्या आतली मेक्सिकोची फेरी असेल तर अधिकारी साधारणपणे आधीच्याच आय-९४वर आत घेतो. तारीख तीच राहते. नवी तारीख द्यायची की नाही हे त्याच्या हातात आहे, आणि मुदत वाढवून घ्यायलाच आलात असा संशय आला, तर तो उलट प्रश्न विचारू लागतो. खरोखरच जास्त राहायचं असेल तर मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज करायचा, हा सरळ रस्ता आहे. तुमच्या आई-अण्णांचे दोन महिने शिल्लक आहेत. त्यांची भारतात परतायची तिकिटं छापून बरोबर ठेवा. "परत कधी जाणार?" या प्रश्नाला तिकिटासारखं उत्तर नाही. अण्णांना आधीच सांगून ठेवा की अधिकाऱ्याने विचारलं तेवढंच सांगायचं. सांगलीकर माणूस गप्पांत रंगला की आवरत नाही, हे मी माहेरच्या अनुभवावरून सांगते.

प्रत्येकाचा आय-९४ आदल्या रात्री सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा आणि जकात खात्याच्या, संकेतस्थळावरून काढून छापा. विमानाने आलेल्यांना हा कागद आता हातात मिळत नाही, सगळं संगणकात असतं. पण जमिनीवरच्या नाक्यावर छापील प्रत दाखवली की काम चटकन होतं. चालू आय-९४ आहे हे दिसलं तर नवा काढायला लावून शुल्क घेण्याचा प्रश्नही सहसा येत नाही. तुमचं आय-७९७ आणि अलीकडच्या पगाराच्या दोन-तीन चिठ्ठ्या ठेवा. मुलाचा पासपोर्ट तर हवाच. पण आई बरोबर नसताना बापाबरोबर जाणारं मूल आहे, म्हणून पत्नींच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्रही न्या. कायद्याने ते प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. मात्र अधिकाऱ्याला शंका आली तर ते एक पान अर्धा तास वाचवतं.

हे वाचणारे काही जण विद्यार्थी असतील. त्यांनी विद्यापीठाने दिलेल्या आय-२०वरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे का ते बघावं. ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असेल आणि एच किंवा एल व्हिसा नसेल, तर अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय सीमेच्या दिशेनेही जाऊ नये. देशाबाहेर पाऊल पडलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. तिहुआनातल्या टॅकोसाठी ही किंमत फार झाली.

पासपोर्ट हरवला तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. भारताचा दूतावास मेक्सिको सिटीत, तिहुआनापासून विमानाने तीन-साडेतीन तासांवर. हरवलेल्या पासपोर्टबरोबर अमेरिकेचा व्हिसाही जातो, म्हणजे नुसता तातडीचा पासपोर्ट मिळून भागत नाही. खिसेकापू बंदूकवाल्यापेक्षा खूप जास्त असतात. म्हणून चौघांचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवू नका, मागच्या खिशात तर नाहीच. अंगावर, शर्टाच्या आत राहणारा पाउच घ्या. फोटो फोनमध्ये ठेवा, आणि छापील प्रती घरी पत्नींकडे द्या.

गाडी घरी, पाय रस्त्यावर

गाडी नेऊ नका. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही, वेगळा मेक्सिकन विमा काढावा लागतो. तो नसताना अपघात झाला, तर चूक कुणाची हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवू शकतात. भाड्याची गाडी असेल तर बहुतेक कंपन्या सीमा ओलांडायला मनाई करतात. आणि परतीच्या वेळी सॅन इसिड्रोच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत दोन-तीन तास बसणं ही सुट्टीच्या दिवशी नेहमीची गोष्ट आहे. मोकळी दिसणारी सेंट्री लेन नोंदणी केलेल्यांसाठी असते, तिथे चुकूनही शिरू नका, दंड होतो. रेडी लेनला चिप असलेलं ओळखपत्र लागतं. ग्रीन कार्ड चालतं, आपला पासपोर्ट आणि व्हिसा नाही.

यावरून एक आठवलं. सॅन इसिड्रोचं आउटलेट मॉल अगदी कुंपणाला टेकून आहे. खरेदीला जाताना आय-५ महामार्गावर 'लास्ट यूएसए एग्झिट' ही पाटी दिसली की उजवीकडे बाहेर पडायचं. गप्पांच्या नादात ती हुकली तर गाडी थेट मेक्सिकोत जाते, मध्ये वळायला जागा नाही. व्हिसाचा शिक्का संपलेल्या माणसासाठी हे अगदी साध्या शनिवारचं संकट आहे. पत्नींना हे नक्की सांगा. त्या तिहुआनाला न जातासुद्धा तिहुआनात पोचू शकतात.

तुम्ही सॅन दिएगोत राहता म्हणजे ट्रॉली, म्हणजे शहराची ट्राम, आहेच. तिची ब्लू लाइन डाउनटाउनमधून थेट सॅन इसिड्रोपर्यंत येते. शेवटच्या थांब्यावर उतरलं की नाका समोर. गाडी आणायचीच असेल तर अमेरिकेच्या बाजूला पैसे देऊन लावायच्या जागा आहेत, तिथे लावून चालत जा. दुसऱ्या मित्राने सांगितलेला सीबीएक्सचा पूल २०१५च्या डिसेंबरात सुरू झाला. तो ओताय मेसाकडून सरळ तिहुआनाच्या विमानतळात उतरतो, आणि त्यावरून फक्त तिथल्या विमानाचं तिकीट असलेल्यांनाच जाता येतं. शहर बघायला जाणाऱ्यांसाठी तो नाही.

पायी जाताना अमेरिकेच्या बाजूला बाहेर पडण्याचा शिक्का मिळत नाही, फिरत्या फाटकातून पुढे जायचं. मग मेक्सिकोची खिडकी येते. तिथे पर्यटक परवाना घ्यायचा. एफएमएम असं त्याचं नाव. कुठे कागद देतात, कुठे पासपोर्टवर नुसता शिक्का मारून दिवस लिहितात. शुल्क मागितलं तर पावती घ्या. घाईत लोक ही खिडकी टाळून पुढे सटकतात. तुम्ही थांबा. तुम्ही तिथे कायदेशीर आलात याचा तेवढाच एक पुरावा असतो.

पिशव्या तपासतात, म्हणून घरून निघताना आपल्याच पिशव्या एकदा झटकून बघा. मेक्सिकोत बंदूक सोडा, एक सुटी गोळीसुद्धा सापडली तर तुरुंग आहे. मित्राबरोबर शूटिंग रेंजला नेलेली सॅक घेऊन जाऊ नका. व्हेप नेऊ नका, आयातीला बंदी आहे. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनाही बंदी आहे, आणि त्या अमेरिकेतल्या घराघरांत असतात. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एका दिवसापुरत्या, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या.

भीतीबद्दल

तुमच्या पत्नी बातम्या वाचतात, आणि त्या बातम्या खोट्या नाहीत. २०१८ साली तिहुआनात अडीच हजारांच्या आसपास खून झाले. ऑगस्ट २०२२मध्ये एका शुक्रवारी टोळ्यांनी शहरात ठिकठिकाणी वाहनं पेटवली, आणि तिथल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाने आपल्या लोकांना आहात तिथेच थांबायला सांगितलं. तिहुआना ज्या राज्यात येतं त्या बाहा कॅलिफोर्नियाला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चारपैकी तिसऱ्या पायरीवर ठेवलं आहे, म्हणजे प्रवासाचा फेरविचार करा. तरीही मी जा म्हणते, कारण हे सुमारे एकोणीस लाख वस्तीचं शहर आहे आणि ही हिंसा सगळीकडे सारखी पसरलेली नाही. ती मुख्यतः टोळ्यांच्या आपसातल्या हिशेबाची आहे, आणि बरीचशी पूर्वेकडच्या, बाहेरच्या वस्त्यांत घडते. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात रेव्होलुसिऑन रस्ता आणि सोना रिओ भागात फिरणाऱ्या आजी-आजोबांना खरा धोका पाकीटमारीचा आणि अवाच्या सवा भाडं सांगणाऱ्या टॅक्सीवाल्याचा.

आता मावसभाऊ. नुएव्हो प्रोग्रेसो हे तामौलिपास राज्यात येतं. त्या राज्याला चौथी पायरी आहे: जाऊ नका. कारण म्हणून अपहरणाचा उल्लेख असतो. टेक्सासमध्ये थंडी काढायला येणारे म्हातारे अमेरिकन दातांसाठी आणि औषधांसाठी तिथे रोज जातात आणि बहुतेक सगळे सुखरूप परततात, हे खरं आहे. पण त्याच राज्यातल्या मातामोरोसमध्ये मार्च २०२३मध्ये भरदिवसा चार अमेरिकन गोळीबारात सापडले, त्यांना पळवून नेलं, दोघे मेले. एकीला शस्त्रक्रिया करून घ्यायची होती, बाकीचे सोबतीला होते. शेजारी दर हिवाळ्यात जातात हा पुरावा शेजाऱ्यांच्या नशिबाचा. सीमा तीन हजार किलोमीटरहून लांब आहे, तिला एकच उत्तर देता येत नाही. सांगली सुरक्षित आहे का, असं विचारून कुणी गडचिरोलीचं उत्तर देत नाही.

बाकीच्या गावांबद्दल थोडक्यात. हुआरेझचं नाव ऐकून लोक अजूनही दचकतात. २०१०मध्ये तिथे तीन हजारांवर खून झाले होते, त्यानंतर आकडे खूप उतरले, तरी सीमेअलीकडच्या एल पासोचे ओळखीचे लोक बरोबर असल्याशिवाय मी नवख्याला तिकडे पाठवणार नाही. अॅरिझोनाच्या बाजूचं नोगालेस दिवसा, नाक्याजवळच्या काही गल्ल्यांपुरतं ठीक. अॅरिझोनातल्याच युमा गावाजवळचं लोस अल्गोदोनेस म्हणजे दातांचं गाव. चार रस्त्यांत शेकडो दंतवैद्य, आणि नाका रात्री बंद होतो, म्हणून वेळेचं भान हवं.

दातांचा विषय निघालाच आहे. आईंची कॅप तिहुआनात किंवा अल्गोदोनेसला होईल, चांगलीही होईल. तिथे चांगले डॉक्टर आहेत. पण कॅपला बहुतेकदा दोन फेऱ्या लागतात, आणि नंतर दुखलं तर तिसरी. प्रत्येक फेरीला परतीची रांग आणि अधिकाऱ्याचे प्रश्न. अमेरिकेसाठी काढलेला पाहुण्यांचा आरोग्य विमा मेक्सिकोत बहुधा लागू नसतो. दोन महिन्यांनी त्या घरी जाणारच आहेत, आणि मिरजेच्या पंचक्रोशीत दवाखान्यांची काय ददात आहे? दाढ रात्री जागवत असेल तर गोष्ट वेगळी. मग मात्र इथल्याच दंतवैद्याला आज दाखवा.

औषधं तिथून घेऊ नका, हे मी जरा मोठ्या आवाजात सांगते. २०२३मध्ये पत्रकारांच्या आणि संशोधकांच्या तपासणीत असं दिसलं की उत्तर मेक्सिकोतल्या काही दुकानांत वेदनाशामक म्हणून विकलेल्या गोळ्यांत फेंटानिल हे जीवघेणं अमली द्रव्य होतं. दुकानावर फार्मसीची पाटी होती, काउंटर होता, सगळं होतं. गुडघ्यासाठी अण्णांना काही स्वस्तात मिळतंय म्हणून मोह होईल. आवरा.

दिवस कसा घालवाल

सकाळी आठच्या आत सॅन इसिड्रोला पोचा. त्या दिवशी पहाटे तिहुआनाच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाची काही सूचना आली आहे का ते बघा. आली असेल तर बेत रद्द, वाद नाही. नाक्याबाहेर पडलं की टॅक्सीवाले गराडा घालतील. उबर चालते, तीच मागवा. टॅक्सी घेतलीत तर बसायच्या आत भाडं ठरवा. आणि तिकडे पेसोलाही डॉलरचीच खूण लावतात हे लक्षात असू द्या. पाटीवर खूण आणि पुढे १२० दिसलं तर घाबरू नका, पेसो आहेत. डॉलर सगळीकडे घेतात, पण मोड पेसोत आपल्या तोट्याने मिळते. बँकेच्या आतल्या एटीएममधून थोडे पेसो काढा.

मर्कादो इदाल्गोला आधी जा. हा खरा बाजार आहे, पर्यटकांसाठी मांडलेला नाही. वाळवलेल्या मिरच्यांचे ढीग, गूळ, चिंच, चिंचेच्या तिखट-गोड गोळ्या, चीज. आईंचा तास तिथे सहज जाईल, आणि कुठली मिरची आपल्या ब्याडगीच्या जवळची यावर अण्णांशी वादही होईल. सोना रिओतच सांस्कृतिक केंद्र आहे, सेकुत. त्याची मोठी गोल वास्तू लांबूनच दिसते. १९८२पासून उभी आहे. सीमाभागाचा इतिहास तिथे चांगला मांडलाय, आणि बसायला सावली व स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत. वडीलधारे बरोबर असताना मी ठिकाणं याच निकषावर निवडते.

दुपारचं जेवण रेव्होलुसिऑन रस्त्यावर. सीझर सॅलड १९२४मध्ये याच गावात जन्मलं असं सांगतात. त्या नावाच्या हॉटेलात ते टेबलाशीच कालवून देतात. बघायला मजा येते, पण आई शाकाहारी असतील तर त्यात अंडं असतं, आणि ज्या सॉसने चव येते त्यात मासळी. घेवड्याच्या उसळीसारखे दिसणारे फ्रिहोलेससुद्धा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. 'सिन कार्ने, सिन मान्तेका' एवढं म्हणा, म्हणजे मांस नको, चरबी नको. वेटर चांगले असतात, सांभाळून घेतात. बाटलीबंद पाणी प्या. रस्त्याच्या उत्तर टोकाला मोठी कमान आहे, तिच्यापलीकडच्या सोना नोर्ते भागात शिरू नका. तो वेश्यावस्तीचा भाग आहे आणि दिवसाही तिथे आजी-आजोबा आणि लहान मुलाचं काही काम नाही.

पोलिसाने अडवून काही दंड सांगितला, तर रस्त्यात पैसे देऊ नका. शांतपणे लेखी पावती मागा, ठाण्यावर येऊन भरतो म्हणा. बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. खरं संकट आलं तर नंबर ९११च आहे. फोनचा प्लॅन मेक्सिकोत चालतो का ते आदल्या दिवशी बघा. घड्याळ बदलावं लागत नाही. मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, तरी तिहुआना सॅन दिएगोच्याच वेळेवर चालतं.

परत येताना

ही खरी परीक्षा. सीबीपीच्या ॲपवर प्रत्येक नाक्याची रांग दिसते, जेवतानाच बघा. दोनच्या सुमारास रांगेत लागलात तर बरं. रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट. रांगेत बसायला जागा नसते, म्हणून घडीचं छोटं स्टूल अण्णांसाठी घ्या, पाणी घ्या, टोपी घ्या. आणि रांगेत उभं राहण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. रांगेत विक्रेते येतील, लहान मुलं हात पुढे करतील. सुटे पेसो संपवायला हरकत नाही, पण पाकीट काढून मोजत बसू नका. कुणी अनोळखी माणसाने "जरा ही पिशवी पलीकडे न्याल का?" विचारलं तर उत्तर नाही, मग ती बाई गरोदर असो की म्हातारी.

खायचं जे काही घेतलंत ते अधिकाऱ्याला आपणहून सांगा. बंद पाकिटातल्या गोळ्या-मिठाया चालतात. ताजी फळं आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ यांवर निर्बंध आहेत. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. दारू एकवीस वर्षांवरच्या माणसामागे एक लिटर.

आणि गांजा. कॅलिफोर्नियात तो कायदेशीर असल्यामुळे ऑफिसच्या पार्टीत मिळालेल्या गमीज, म्हणजे गांजा घातलेल्या गोड गोळ्या, कुणाच्या पर्समध्ये पडून राहतात. नाका मात्र केंद्र सरकारचा आहे. तिथे परदेशी नागरिकाकडे गांजा सापडणं, किंवा विचारल्यावर "हो, मी घेतो" म्हणणं, यावर व्हिसा कायमचा जाऊ शकतो. कोटाचे खिसेही बघा.

खिडकीवर पासपोर्ट परत मिळाले की बाजूला होऊन तारखा वाचा. नवा आय-९४ दिला असेल तर त्यावर तारीख काय, व्हिसाचा वर्ग बरोबर लिहिलाय का. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, घरी आल्यावर महिनाभर पत्रव्यवहार.

पत्नींनी मेक्सिकोचा व्हिसा काढायचा ठरवला आणि आई-अण्णा इथे असेपर्यंत तो मिळाला, तर दुसरी फेरी सगळ्यांची करा. तेव्हा त्यांचं आय-७९७ मूळ प्रत न्या आणि परतीला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर येतोय असं सांगा. सगळ्याच अधिकाऱ्यांना ते पटकन आठवतं असं नाही, म्हणून सीबीपीच्या पानाची छापील प्रत जवळ असलेली बरी. तोवर या शनिवारी त्यांना चौघांच्या पासपोर्टच्या प्रती द्या आणि एक वेळ ठरवा: संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करायची, त्याआधी नाही. रांगेत असताना फोनची बॅटरी संपते, म्हणून पॉवर बँक अण्णांच्या पिशवीत ठेवा.

तुमची,
सदर-लेखिका